डावं-उजवं

पुंता अरेनासच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मी कातडी कापते.
मेणात बसवलेली, केसाहून पातळ.
मंगळवारच्या ट्रेमध्ये एक वडी होती:
बार्रीया, एलेउतेरिओ. पुरुष, एकाहत्तर. डावं कानशील.
घरचा नमुना दुसऱ्यानं करायचा, असा नियम.
दुसरं कोणी नव्हतं.
होतं, खरं तर. मीच दिला नाही.

रंग चढवला.
कोलॅजेन लाल होतं, इलॅस्टिन काळं.
पंचविशीच्या कातडीत लाल दोर जाड असतात,
लाटेवर लाट टेकून निजलेले,
आणि त्यांच्यामधून काळे बारीक तंतू,
ओढलं की ताणणारे, सोडलं की घरी परतणारे.

बाबांच्या काचेवर घरी परतणारं काही नव्हतं.
लाल विरलेलं, जुन्या चादरीच्या मधोमध विरतं तसं.
आणि काळं, जे संपलं असेल असं मला वाटलं होतं,
ते वाढलेलं.
ढीगच्या ढीग. गुंतवळ.
फणीतून काढून कोपऱ्यात टाकावी अशी.

कोलॅजेन शरीर करत राहतं थोडं थोडं,
रोजंदारीवर का होईना.
इलॅस्टिन बहुतेक लहानपणीच विणून होतं,
मग त्या मागावर फारसं कुणी बसत नाही.
म्हणजे हे सूत चिलोए बेटावरचं,
एका शिंपले वेचणारीच्या पोटात सुरू झालेलं.
तेच पुरवायचं होतं
एकाहत्तर वर्षं.

चाळीस वर्षं त्यांनी लोकर वाहिली.
जेवून निघायचे, उत्तरेला, नातालेसकडे:
ऊन पश्चिमेचं, डाव्या खिडकीत.
तिथंच झोपून सकाळी परत, दक्षिणेला:
ऊन पूर्वेचं. पुन्हा डाव्याच खिडकीत.
भाजणारं ऊन काच अडवते.
खोल जाणारं आत येतं,
न भाजता, न बोलता,
एखादा दूरचा नातेवाईक मुक्कामाला येतो तसं.

केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत, असं म्हणता येतं माणसाला.
सुरकुत्यांचं तसं म्हणता येत नाही.

डावी बाजू बायकोची, असं मानतात काही देशांत.
बाबांची वामांगी ऊन होतं.
आई बसायची उजवीकडे, मातेचा थर्मास मांडीत धरून.
तिच्याकडचा गाल सरस राहिला.
सरस म्हणजे उजवा,
आणि सरस म्हणजे कातडं उकळून काढतात तोही,
खुर्चीचा पाय चिकटवायला.
"मेला म्हातारा होतच नाही," ती बहिणींना सांगायची.
खोटं नव्हतं ते.
अर्धं होतं.

गाठ साधी निघाली.
ट्रक तोवर विकला होता, लायसन्स संपलं होतं.
टाके काढले त्या रविवारी
मावशीकडे कोकरू भाजणार होते, नातालेसला.
गाडी मी चालवत होते.
सकाळ. उत्तरेचा रस्ता.
पहिल्यांदाच बाबांचा डावा गाल माझ्याकडे,
लगामाच्या चामड्यासारखा, घड्या पडलेला, जाड,
आणि ऊन पलीकडच्या गालावर.

"टोपी ओढून घ्या," मी म्हटलं.
त्यांनी डोळे मिटले.
"राहू दे. इकडचा बिचारा कोराच राहिलाय.
डावं-उजवं कशाला करायचं?"

आई मागं बसली होती, बरोब्बर त्यांच्या पाठीशी.
हसली नाही.
सीट आणि खिडकीच्या फटीतून हात पुढं घातला
आणि काचेच्या अलीकडे तळवा धरला,
गालाला न लावता.
एक कुंपण, दुसरं कुंपण, मेंढ्या, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेली झाडं.
तिच्या हाताच्या पाठीवर ऊन पडत होतं.
चिमटीत धरली तर तिथली कातडी
आता उभीच राहते, चार मोजेपर्यंत.

विया तेउएल्चेस आलं तेव्हा
तिनं हात बदलला.